घरजावयाचं कलम

नाशकात मी आलो नवरदेव होऊन, आणि राहिलो घरजावई होऊन. फरक एवढाच, की नवरदेवाला पाटावर बसवतात आणि घरजावयाला भात्यावर.

माझा सासरा तांबट. आळीत त्याच्या हातोडीला मान होता. मी मूळचा नांदगावकडचा. शाळेत मी आयुष्यात एकदाच गेलो, तेही आमची म्हैस शाळेच्या आवारात शिरली होती म्हणून. म्हैस काही केल्या बाहेर निघेना. मास्तर म्हणाले, "तुझ्यापेक्षा हिलाच शिकायची हौस दिसतीय." असा मी. सासऱ्याला एकच लेक, दुकानात हात कमी, म्हणून त्यानं लग्नानंतर मला ठेवून घेतलं. आधी माझे हात बघितले असते तर ठेवून घेतलं नसतं.

त्यानं मला मठाराचं काम शिकवायला घेतलं. मठार म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे बारीक बारीक, सारखे ठोके देत जायचं. सासऱ्याच्या हातचं भांडं उन्हात धरलं की डोळे दिपायचे. माझ्या हातचं भांडं देवी येऊन गेल्यासारखं दिसायचं. एकदा एका गिऱ्हाइकानं माझा हंडा उचलून विचारलं, "ह्याला काय झालं हो?"

सासरा म्हणाला, "जावई झाला."

तर आमच्या त्या आळीच्या चौकात रहाड हाय. नाशिकच्या बाहेरच्या माणसाला ते सांगावं लागतं, म्हणून सांगतो. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद, चांगला पुरुषभर खोल, पेशवाईतला म्हणतात. वर्षभर त्याच्यावर लाकडं टाकून माती लोटलेली असते. वरून टांगे जातात, गाया बसतात, पोरं गोट्या खेळतात. रंगपंचमी आली की तो उकरायचा, पाणी भरायचं, पळसाची फुलं कढईत उकळून तो रंग ओतायचा, पूजा करायची, आणि मग माणसांनी काठावरून आत उड्या घ्यायच्या. साधी उडी नाय, धप्पा. हवेत मांडी घालून असं बुडावर पडायचं की पाणी उसळून काठावरच्यांची धोतरं भिजली पाहिजेत. ज्याचा धप्पा मोठा, त्याची छाती वर्षभर फुगलेली.

यात ओळ ठरलेली. पहिला धप्पा मानकऱ्याचा. हा मानकरी म्हणजे आळीतला म्हातारा, मिशा पांढऱ्या, आवाज नगाऱ्यासारखा. सगळी आळी त्याला काका म्हणायची. त्यानं मानाच्या तांब्याच्या घागरीनं रंग ओतायचा आणि पहिली उडी घ्यायची. मग आळीतली माणसं, त्यांना म्हणायचं आळीकर. मग शेजारच्या आळ्या. मग पाहुणे. आणि सगळ्यात शेवटी जावई. आणि एकदा रंग पडला की वरून साधं पाणी ओतायचं नाय, रंग फिका पडतो. म्हणजे बघा, दर धप्प्याला पाणी बाहेर जाणार, आत काहीच येणार नाय. जावयाची पाळी येईपर्यंत हौदात घोट्याएवढा गाळ उरायचा.

पहिल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं नाय. मी आपला आळीकरांचे धप्पे बघून चेकाळलो, लांबून पळत आलो, हवेत झकास मांडी घातली, आणि दगडावर जाऊन बसलो. आवाज असा झाला की सासऱ्याला वाटलं कढई पडली. रंगपंचमी ते पाडवा मी उभ्यानं जेवलो. आळीतली माणसं मुद्दाम घरी यायची आणि म्हणायची, "बसा की जावईबापू."

एवढ्यावर भागलं असतं तरी माझं काही म्हणणं नव्हतं. पण ती रहाड उकरायची कुणी? तर मी. लाकडं उचलायची कुणी, गाळ काढायचा कुणी, परत माती लोटायची कुणी? मीच. "तू काय परका आहेस का?" असं काका म्हणायचा आणि कुदळ माझ्या हातात द्यायचा. खणायच्या वेळी मी घरचा, उडी मारायच्या वेळी पाहुणा.

मी ते हसण्यावारी न्यायचो. मला दुसरं काय येतं? पण ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी बायको गरोदर होती. एक दिवस भाकरी थापता थापता तिनं विचारलं,

"अहो, माझ्या पोटात आहे ते कुठलं?"

"कुठलं म्हणजे? आपलं."

"आपलं म्हणजे कुठलं? मी या आळीत जन्मले. माझी नाळ इथं पुरली. तुम्ही नांदगावचे. काका सांगतात, आळीकराचं पोर आळीकर आणि जावयाचं पोर पाहुणा. म्हणजे माझं पोर माझ्याच बापाच्या दारात पाहुणं?"

"बरंच की. पाहुण्याला लाडू मिळतो."

"तुम्हाला मिळाला का कधी?"

खरंच मिळाला नव्हता.

त्याच सुमाराला आळीतला एक पोरगा पुण्याहून वकील होऊन आला. विलायतेहून नवा कायदा आला होता, हिंदुस्थानचा कारभार कसा चालवायचा त्याचा, आणि निवडणुका होणार होत्या. वकील रोज संध्याकाळी तालमीच्या ओट्यावर बसून लोकांना समजावून सांगायचा. सासऱ्याला मत होतं, घरपट्टी भरतो म्हणून. मला नव्हतं. मी फक्त ते घर झाडायचो, त्याला मत मिळत नाय. तरी मी जायचो, भात्यापेक्षा तिथं वारा बरा होता.

पहिल्याच दिवशी वकिलानं विचारलं, "राज्याला घटना कशासाठी लागते? सांगा बघू."

सगळे गप्प. चार माणसं गप्प बसली की तोंड उघडायची मला जुनी खोड. मी म्हणलो, "रयतेनं नीट वागावं म्हणून."

"त्याला साधे कायदे आहेत, फौजदार आहे. घटना रयतेला दटावत नाही. घटना राज्य करणाऱ्याला सांगते, बाबा रे, तू कुणाच्या परवानगीनं बसलास, किती दिवस बसणार, आणि कुठवर हात पसरायचा."

"म्हणजे वेसण."

"शाब्बास! वेसण. पण ती कुणाला?"

"बैलाला."

"आणि बैल कोण?"

मी सवयीनं सासऱ्याकडं बघितलं. ओटा हसला. सासरा सोडून.

वकील रंगात आला. म्हणाला, राजा असो, लाटसाहेब असो, उद्या तुम्हीच निवडून दिलेला माणूस असो, खुर्चीवर बसला की त्याला वाटायला लागतं आपण खुर्चीसकट जन्मलो. म्हणून आधीच लिहून ठेवायचं. दहा जण एका बाजूला आणि एकटा दुसऱ्या बाजूला असला तरी त्या एकट्याचं काय काढून घेता येणार नाही, तेही लिहायचं. आणि काळ बदलला तर घटना कशी बदलायची, तेसुद्धा तिच्यातच सांगून ठेवायचं. नाहीतर ती घटना राहत नाही, धोंडा होतो.

मला पटलं. मी विचारलं, "मग ह्या नव्या कायद्यात लाटसाहेबाला वेसण हाय का?"

वकिलानं चष्मा काढून पुसला. "आहे तशी. फक्त त्याला वाटलं की अडचण आलीय, तर तो सगळा कारभार स्वतःच्या हातात घेऊ शकतो. तसं कलम ठेवलंय."

"म्हणजे वेसण हाय, पण दोरी बैलाच्याच तोंडात."

परत हशा. या खेपेला सासराही हसला. काका मात्र हसला नाय. त्याचं मामलेदाराकडं जाणं-येणं होतं.

पण लिहून ठेवायची कल्पना काकाच्या डोक्यात बसली. आदल्या वर्षी रहाडीवर दुसऱ्या धप्प्यावरून तालमीतल्या दोघांत डोकी फुटली होती. काका म्हणाला, "देशाला घटना होते, तर आमच्या रहाडीला का नको?" खरं कारण वेगळं होतं. त्याचा पहिला धप्पा कागदावर येणार होता. आजवर तो नुसता वाडवडिलांपासून चालत आलेला, आता तो कायदा होणार. तीन पंच ठरले: काका, माझा सासरा आणि वकील. लिहिणारा वकील, सांगणारा काका, मान हलवणारा सासरा.

वकिलानं मात्र त्यात एक कलम स्वतःच्या हिकमतीनं घातलं. बाहेरचा माणूस आळीत घर करून राहिला तर त्याला आळीकर होता येईल. त्यानं पंचांपुढं उभं राहून घटनेचा हेतू काय तो सांगून दाखवायचा. आळीकराचा मुलगा मात्र जन्मानंच आळीकर, त्याला कुणी काही विचारायचं नाय. बरोबरच हाय, त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या आळीत जन्मलेल्या एकालाही घटना कशासाठी ते सांगता आलं नसतं, काकाला तर मुळीच नाय. पण ते सांगायचं होतं बाहेरच्यानं. दारात उभं असलेल्यालाच घराचा नकाशा विचारतात, आत झोपलेल्याला विचारत नाहीत.

काकानं हे कलम घालू दिलं, कारण शेवटचं कलम त्याचं स्वतःचं होतं: "अडचण आल्यास मानकऱ्यांना योग्य वाटेल ते." वकील कुरकुरला. पण त्याच्याकडं आलेलं पहिलं अशील काकानंच धाडलं होतं. त्यानं चष्मा पुसला आणि लिहिलं.

अर्ज करणारा मी एकटाच. आळीत बाकीचे जावई होते, पण ते शहाणे होते.

आता पाठ कसं करायचं? मला अक्षर म्हणजे मुंग्या. बायकोला वाचता यायचं. वकिलानं हेतू कागदावर लिहून दिला आणि ती मला दुकानात बसून वाचून दाखवायची. मी मठार करता करता म्हणायचो. ठण, राज्य करणाऱ्याला मर्यादा. ठण, कुणाच्या परवानगीनं. ठण, किती दिवस. ठण, काय चालणार नाय. आमच्यात सगळे तांबट असेच पाठ करतात. आरत्या, हिशोब, उधाऱ्या, शिव्या, सगळं ठोक्यावर बसवलेलं. सासऱ्याला रामरक्षासुद्धा हातोडी हातात असली तरच येते, देवळात त्याचं निम्म्यात अडतं. मला आठवड्याभरात घडाघडा यायला लागलं. बायको खुश. म्हणाली, "बघा, तुम्हाला येतंय की."

येत होतं. पण हातोडी होती तोवर येत होतं, हे तिच्या ध्यानात आलं नाय आणि माझ्याही नाय.

होळी झाली आणि पंच बसले. तालमीचा ओटा माणसांनी भरला. बायका समोरच्या ओट्यांवर. माझी बायको खांबाला टेकून उभी, एक हात पोटावर. मी धुतलेला सदरा घालून पंचांसमोर. वकिलानं प्रेमानं विचारलं, "सांगा, राज्याला घटना कशासाठी लागते?"

मी तोंड उघडलं. आत काही नव्हतं. म्हशीनं शाळेत उभं राहावं तसा मी उभा.

"बोला जावईबापू," काका म्हणाला. "का नांदगावला जाऊन विचारून येता?"

लोक हसले. मी पण हसलो, मला सवय. मग माझा हात आपोआप वरखाली व्हायला लागला. सासऱ्याच्या ध्यानात आलं. त्यानं डोक्याला हात लावला. "वकीलसाहेब, ह्याला हातोडी लागेल."

"हातोडी? कशाला?"

"आमच्यात तसंच येतं. मला विचारा रामरक्षा, मलाही लागेल."

वकिलानं घटनेच्या कागदात बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, हातोडीला मनाई नाही. कुणीतरी दुकानातून हातोडी आणली. पण हातोडी हवेत मारून ठोका येत नाय, खाली काहीतरी लागतं. सासऱ्याच्या पुढ्यात एक भांडं होतं, त्याच दिवशी घासून-पुसून पंचमीसाठी परत द्यायला आणलेलं. गडबडीत त्यानं तेच माझ्याकडं सरकवलं. मी खाली बसलो, भांडं मांडीवर उलथं घेतलं आणि डोळे मिटले.

ठण. "घटना म्हणजे राज्य करणाऱ्याला घातलेली मर्यादा." ठण. "कुणाच्या परवानगीनं बसला, ते तिच्यात." ठण. "किती दिवस बसणार, ते तिच्यात." ठण. "दहा जणांनी मिळून एकाचं काय काढून घ्यायचं नाय, ते तिच्यात." ठण. "बळकटाला धाक, दुबळ्याला आधार." ठण. "आणि ती बदलायची कशी, तेही तिच्यात." ठण, ठण.

एक शब्द चुकला नाय. मला इतका आनंद झाला की मी परत पहिल्यापासून म्हणलो. कुणी थांबवेना, तेव्हा तिसऱ्यांदाही म्हणलो. मग डोळे उघडले तर ओटा चिडीचूप. माझ्या मांडीवर मानाची घागर होती. म्हणजे घागर राहिली नव्हती. परात अजून झाली नव्हती. मधलंच काहीतरी होतं.

"नापास!" काका ओरडला.

वकील म्हणाला, "काका, उत्तर तर पूर्ण बरोबर आहे."

"शेवटचं कलम वाच!"

"त्याला अडचण यावी लागते."

"ही काय आहे मग?" काकानं घागर डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवली. "आजोबाच्या आजोबापासूनची घागर! हिनं मी पंचमीला काय ओतू? पोळ्या लाटू हिच्यावर?"

आता सगळे सासऱ्याकडं बघायला लागले. तो पंच होता, बाप होता, सासरा होता. पण आधी तांबट होता. त्यानं घागर हातात घेतली, फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाला, "ठोके मात्र पहिल्यांदाच सारखे पडलेत."

मग त्यानं काकाकडं बघून मान हलवली. मी नापास झालो. मर्यादेचं सगळं पाठ म्हणून दाखवलं, आणि ज्याला मर्यादा घालायची त्यानंच नापास केलं.

घरी गेल्यावर मला वाटलं बायको रडेल. ती रडली नाय. तिनं बापाला पाणी दिलं आणि विचारलं, "बाबा, तुम्ही पंच ना?"

"कलम आहे ते, पोरी. माझ्या हातात काय आहे?"

"बरं. रहाड खणायची कुणी, याचं कलम आहे का?"

"त्याला कलम कशाला? ते हे खणतात की."

"हे म्हणजे कोण?"

"जावई."

"जावई म्हणजे पाहुणा. आजच ठरलं ते. पाहुण्याच्या हातात कुदळ देतात का, बाबा?"

सासऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी बायकोकडं. मला यातलं काही कळलं नव्हतं, मला वाटलं आता आपल्याला लाडू मिळणार.

लाडूच मिळाला. पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं मला लग्नातलं धोतर नेसवलं, डोक्याला रुमाल बांधला, दारातल्या ओट्यावर चटई टाकून बसवलं आणि पुढ्यात ताटलीत लाडू ठेवला. "कुणी काही म्हणलं तर एकच सांगायचं, मी पाहुणा आहे. बाकी तोंड उघडायचं नाही." तिला माझं तोंड माहीत होतं.

शेजारच्या आळ्यांतल्या रहाडी उघडल्या होत्या. पळसाचा वास सगळीकडं सुटला होता. आमच्या चौकात गाय बसली होती.

काका आला. "अरे, कुदळ कुठाय? ऊन चढलं."

"मी पाहुणा हाय."

"काय?"

"पाहुणा." मी लाडू खाल्ला. नांदगाव सोडल्यापासून इतका चांगला लाडू खाल्ला नव्हता.

काकानं तालमीतल्या पोरांना हाक मारली. दंड हे एवढे, पण माती उकरायची म्हणल्यावर त्यांना कमीपणा. हा म्हणे तू घे, तो म्हणे तू घे, मी पहिलवान आहे, मजूर आहे का? एकानं कुदळ मारली तर गाय उठली आणि त्याच्या अंगावर आली. मग ते सगळे तालमीत गेले जोर काढायला. बाकीच्या जावयांनी माझ्याकडं बघितलं, घरी गेले, आणि बघतो तर त्यांच्या दारातही चटया आल्या.

दुपारी काका परत आला, वकिलाला घेऊन. "ह्याला सांग, खणणं ह्याचं काम आहे."

वकिलानं कागद उलटापालटा केला. "तसं कुठं लिहिलेलं नाही, काका."

"मग लिही!"

"पाहुण्यासाठी कलम लिहिता येत नाही. आळीकरालाच कलमं लागू."

"माझा पहिला धप्पा आहे उद्या! लिहून घेतलाय!"

आता एवढं ऐकल्यावर माझ्यानं तोंड बंद ठेववेना. "मग लिहिलेला धप्पा मातीवर मारा की काका. मी मारून बघितलाय दगडावर. उभ्यानं जेवायची सवय मात्र लागते."

बायकोनं दारातून डोळे वटारले, पण समोरच्या ओट्यांवरच्या बायका हसल्या. बायका हसल्यावर काकाचा आवाज खाली आला. तो माझ्या शेजारी चटईवर बसला. त्यानं गायीकडं बघितलं. मग वकिलाला म्हणाला, "ते शेवटचं कलम काढलं तर काय होईल?"

"तर हा पास झालेलाच आहे."

"आणि माझा पहिला धप्पा?"

"तो तुमचाच. तो कुणाला काढून घेता येणार नाही, शेवटचं कलम असतं तरी आणि नसतं तरी."

काकानं मान हलवली. वकिलानं दौत मागवली आणि तिथंच, माझ्या ताटलीशेजारी, शेवटच्या कलमावर आडवी रेघ मारली. कागदाच्या काठाला माझ्या लाडवाचं तूपही लागलं. मी आळीकर झालो. बायको आत गेली, आणि चुलीपाशी तिचा हुंदका मला ऐकू आला. मी नापास झालो तेव्हा ती रडली नव्हती.

मी उठलो तोच काकानं माझ्या हातात कुदळ दिली. "चल. आता तर तू घरचाच." आळीकर झालो त्याच घटकेला लग्नाचं धोतर खोचून मी खणायला उतरलो. एक मात्र झालं, शेजारी फावडं घेऊन वकील उतरला. त्याच्यानं दोन पाट्यासुद्धा भरवल्या नाहीत, पण चष्मा त्यानं लय वेळा पुसला.

दुसऱ्या दिवशी काकानं चेपलेल्या घागरीनं रंग ओतला. निम्मा त्याच्याच अंगावर पडला. मग त्याचा पहिला धप्पा, आणि त्यानंतर आळीकरांच्या ओळीत मी. हौद काठोकाठ भरलेला, पिवळाधम्मक. मी लांबून पळत आलो, हवेत मांडी घातली आणि पडलो.

तोपर्यंत मला एक गोष्ट कुणी विचारली नव्हती, वकिलानंसुद्धा, ती म्हणजे पोहता येतं का. येत नव्हतं. जावयाला कधी लागलंच नव्हतं, गाळात कोण पोहतो? मांडी घातलेली ती तशीच, मी दगडासारखा तळाला. पिवळं पाणी नाकात गेलं, तोंडात गेलं, आणि मला वाटलं आळीकर होऊन एक दिवससुद्धा झाला नाय. तेवढ्यात कुणीतरी केसाला धरून वर ओढलं. काका होता.

"ह्याला पाहुणाच ठेवायला पाहिजे होता," तो काठावर मला आपटत म्हणाला. पण पाठीवर थापट्या मारत राहिला, सगळं पाणी निघेपर्यंत.

उन्हाळ्यात बायको बाळंत झाली. मुलगी. सासऱ्यानं तिच्यासाठी इवलासा तांब्या घडवला, त्याला मला हात लावू दिला नाय. बारशाच्या दुसऱ्या दिवशी बायको तो घटनेचा कागद घेऊन बसली आणि एका जागी बोट ठेवून थांबली.

"इथं लिहिलंय, आळीकराचा मुलगा आळीकर. मुलीचं काही नाही."

"ते वकिलाला विचारू की. बदलून देईल."

वकील नेमका आला होता बाळ बघायला. बायकोनं विचारलं, "हे बदलायचं कसं, ते कुठल्या कलमात आहे?"

वकिलानं चष्मा काढला. "ते," तो पुसत पुसत म्हणाला, "घालायचं राहिलं."

ज्यानं आम्हाला सांगितलं होतं की नाहीतर धोंडा होतो, त्याचंच राहिलं. मी हसायला लागलो, पण बायको हसत नव्हती. तिनं पोरगी कडेवर घेतली, भिंतीवरची हातोडी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चला."

काका तालमीच्या ओट्यावर बसला होता, शेजारी घागर. सासऱ्यानं बिचाऱ्यानं महिनाभर ठोकून तिला परत घागरीसारखी केली होती. काकानं आम्हाला येताना बघितलं. आधी पोरीकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं. काही बोलायच्या आत त्यानं घागर उचलून छातीशी धरली.

"काय असेल ते बोल," तो म्हणाला, "पण ती हातोडी खाली ठेव."

"काका, तिच्याशिवाय मला येत नाय."